तिशीतली बत्तिशी

वयाच्या एकतिसाव्या वर्षी दातांना तारा लावून ऑफिसात गेलं की काय होतं? अख्खं ऑफिस डेंटिस्ट होतं! अकाउंट्समधले काका म्हणाले, ‘अगं, या वयात? आता हाडं पक्की झाली, काय हलणारेत दात?’ एचआरवालीने डोळे मोठे केले, ‘दाढा काढल्यास? नजर अधू होते म्हणतात!’ बॉसचं टेन्शन वेगळंच, ‘क्लायंट येईपर्यंत निघतील ना गं या?’

गेलं दीड वर्ष मी तारा मिरवतेय. चिक्की, कणीस आणि कडक बुंदीचा लाडू या मंडळींशी कट्टी आहे. पण एक फंडा मात्र क्लिअर झालाय. दातांबद्दलच्या आपल्या बहुतेक गैरसमजांचं मूळ एकच. दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा, असं आपण धरून चालतो. खिळा हलवायचा तर भिंत तरी कच्ची हवी, नाहीतर जोर तरी जास्त हवा, बरोबर?

चूक! दात हाडात थेट रुतलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटरचा. तारेचा हलका दाब आला, की दात ज्या दिशेला सरकतोय तिथलं हाड विरघळतं आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवं हाड भरतं. म्हणजे तार फक्त पत्ता सांगते, सामान हलवायचं काम हाडातल्या पेशी करतात. आणि या पेशी अठराव्या वाढदिवसाला रिटायर होत नाहीत. तिशीत, चाळिशीत, पन्नाशीतही दात सरकतात, फक्त हिरड्या आणि हाड निरोगी हवं. हिरड्यांचा आजार असेल तर आधी तो आटोक्यात आणायचा, मग तारा. काकांचं एका बाबतीत मात्र बरोबर आहे. जबड्याची वाढ एकदा संपली, की जबडाच पुढे किंवा मागे असेल तर नुसत्या तारांनी तो जागेवर येत नाही, तिथे सर्जरीचा विषय निघतो. मुलांना साताव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवून घ्या म्हणतात, ते यासाठीच.

‘मग जरा जास्त घट्ट करा ना डॉक्टर, लवकर सुटका!’ हेही विचारून झालंय. जास्त दाबाने तिथला रक्तपुरवठाच चेपला जातो, दात उलट अडून बसतो आणि मुळांची झीज व्हायची भीती वाढते. साधारण महिन्याला एक मिलिमीटर, हा दातांचा स्पीड. पुण्याच्या ट्रॅफिकला नावं ठेवू नका!

आता ते डोळ्यांचं प्रकरण. दातांच्या संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. उपदाढ काढल्याने चष्मा लागत नाही, विषय संपला. दात काढावेत की नाही, हा वाद खरा आहे, पण तो जागेचा आहे. आणि तो जुना आहे बरं का! या शास्त्राचे जनक मानले जाणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल दात काढायच्या सक्त विरोधात होते. १९११ मध्ये केल्विन केस यांनी त्यावरून त्यांच्या गोटाशी जाहीर वाद घातला. गंमत म्हणजे पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी पुन्हा बिघडलेल्या केसेस दात काढून नव्याने केल्या. आज उत्तर तोंडागणिक बदलतं.

हे सगळं आत्ताच का सांगतेय? माझ्या शेजारच्या क्युबिकलमधल्या पोरीमुळे. वय अठ्ठावीस, वरचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, फेब्रुवारीत लग्न. एका क्लिनिकमध्ये, नाव जाऊ दे, तिला सांगितलं, ‘तारा कशाला? चार दात घासू, रूट कॅनॉल करू, कॅप बसवू. दहा दिवसांत स्माइल रेडी!’ शनिवारची अपॉइंटमेंटसुद्धा दिली.

मला ऐकूनच कापरं भरलं. दात किडलाय, तुटलाय, तर कॅपसारखी चीज नाही. पण चांगले धडधाकट दात फक्त सरळ दिसावेत म्हणून घासायचे? घासलेलं इनॅमल परत उगवत नाही, आणि कॅप काही जन्माची सोबतीण नसते, काही वर्षांनी बदलावी लागते. अठ्ठाविसाव्या वर्षी सुरुवात केली तर आयुष्यात किती वेळा? शिवाय मुळं होती तिथेच वाकडी.

दुसरा शॉर्टकट तिने स्वतः शोधला होता, घरपोच अलाइनर्स. अलाइनर्स वाईट नाहीत. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजीने हा पारदर्शक प्रकार जगभर नेला, आणि योग्य केसमध्ये तो सही काम करतो. पण दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात हवा, चहाच्या वेळी काढायचा, चूळ भरून परत घालायचा. पाच कटिंग पिणाऱ्याने हिशेब करावा. आणि डॉक्टरने प्रत्यक्ष न तपासता? अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही पोस्टाने अलाइनर्स पाठवणारी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा कितीतरी जणांचे दात अर्ध्या वाटेवर होते.

मी तिला एवढंच म्हटलं, बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचं एमडीएस केलेल्या कुणालातरी एकदा दाखव, मग काय ते ठरव. ती गेली. एक्स-रे निघाले, अंदाज मिळाला, दीड वर्ष. वर रिटेनरचंही सांगितलं. तारा निघाल्यावर दात जुन्या घराकडे परत निघतात, त्यामुळे रात्रीचा रिटेनर वर्षानुवर्षं. हे ऐकून तिचा चेहरा पडला, पण शनिवारची अपॉइंटमेंट तिने कॅन्सल केली आणि दातांच्या रंगाचे ब्रेसेस लावून घेतले.

तिच्या आईला हे अजिबात पटलेलं नाही. ‘अल्बममध्ये तारा दिसणार,’ हे पालुपद चालूच आहे. परवा त्यांनी मलाच फोन केला, ‘तूच बिघडवलंस हो माझ्या पोरीला!’ लग्नाचं आमंत्रण मात्र पक्कं आहे. मेन्यूत बासुंदी आहे म्हणे, म्हणजे चावायची भानगडच नाही!