पखवाजवाल्याचं पाकीट

मंडळी, खरं बोलतो, राग आला तर येऊ द्या.

सप्ताहात महाराजांची तारीख मिळावी म्हणून आपण सहा महिने आधी ॲडव्हान्स देतो. अन् पखवाजवाल्याला? "तुम्ही तर आपलेच!"

आज सेनगाव, उद्या वसमत. कीर्तन संपलं की भर थंडीत मोटारसायकलला पखवाज बांधून माणूस निघतो. त्याच्याशिवाय अभंग उभा राहील का?

नर्सीच्या नामदेवरायांनी पंजाबात घुमानपर्यंत कीर्तन नेलं, म्हणून आपण छाती फुगवतो. दारात आलेल्या वादकाशी मात्र घासाघीस!

म्हातारपणी सरकारी कलावंत मानधन मागायला गेलं की कलेचे पुरावे मागतात. हा दाखवणार काय? हाताचे घट्टे?

यंदा सप्ताह कमिट्यांनी दोनच करावं: बिदागी आधी ठरवा, अन् पाकिटासोबत सही-शिक्क्याचं पत्र द्या.

जमत नसेल तर पखवाज मोबाईलवर लावा.