मुलांची अन्नरुची आणि सरकारी काटकसर

शाळकरी मूल भाजी बाजूला सारते, उसळ चिवडत बसते आणि अर्धे ताट तसेच टाकून उठते, ही घरोघरची तक्रार आहे. तिचे खापर बहुधा मुलाच्या हट्टावर किंवा आईच्या लाडांवर फोडले जाते. वस्तुतः अन्नरुची ही केवळ स्वभावाची बाब नसून तिला अर्थशास्त्रही आहे. शालेय पोषण आहाराचा विचार करताना नेमके तेच दृष्टिआड होते.

अपरिचित पदार्थ मूल पहिल्याच घासाला क्वचित स्वीकारते. आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा तो पुढे यावा लागतो. म्हणजे रुची घडवायची तर तितक्या वेळा अन्न वाया जाऊ देण्याची ऐपत हवी. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ केटलिन डॅनियल यांनी २०१६ साली दाखवून दिले की, अल्प उत्पन्नाचे पालक ही जोखीम टाळतात आणि मूल हमखास खाईल तेच विकत घेतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्या मातेचे गणित याहून वेगळे असण्याचे कारण नाही. टाकून दिलेल्या पालेभाजीपेक्षा संपवलेला बिस्किटपुडा तिला स्वस्तच वाटणार.

अशा चोखंदळपणाने वाढ खुंटते काय? इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९० च्या दशकारंभी जन्मलेल्या मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत अशा मुलांची उंची व वजन बहुतांशी सर्वसाधारण आढळले. परंतु तो दिलासा भरल्या घरचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. हीच मुले पुढे शाळेत येतात. ज्यांच्या ताटात मुळात दोनच पदार्थ असतात, त्यांनी एक नाकारला तर उरते काय?

म्हणूनच शाळेतील भोजनाचे मोल मोठे आहे. नाकारलेल्या घासाचा खर्च तेथे समाज उचलतो, आणि शेजारचा सवंगडी खातो म्हणून मूलही चव घेऊन पाहते. १९९५ साली सुरू झालेल्या आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेल्या अन्नाचे रूप घेतलेल्या या योजनेत प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरले. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे जवळजवळ निम्मी गरज.

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांस केळे किंवा अन्य फळ, देण्याचे ठरवले. जून २०२४ मध्ये भात, उसळ आणि खीर किंवा नाचणी सत्त्व असा त्रिस्तरीय आहार आला. जानेवारी २०२५ मध्ये मात्र अंडा पुलाव व गोड पदार्थ ऐच्छिक ठरवून त्यांचा भार लोकसहभागावर सोपवण्यात आला. तीन पदार्थ रांधायचे तर इंधन, मानधन व वेळ यांचा प्रश्न उभा राहतो, ही शिक्षकांची अडचण खरी होती. परंतु तिच्यावरचा उपाय तरतूद वाढवणे हा होता, पदार्थ कमी करणे हा नव्हे.

लोकसहभाग हा शब्द गोड आहे, पण तो सर्वत्र सारखा फळत नाही. गंगापूर रोडच्या परिसरात दाते भेटतील. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर कोण भेटणार? दैवदुर्विलास असा की नागली पिकते ती त्याच डोंगरउतारांवर. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. स्वतःच्या शिवारातले हे धान्य शाळेच्या ताटात देणगीदाराच्या मर्जीने यावे, हे कोणत्या नियोजनात बसते?

अंडे, फळ आणि नागली यांचा खर्च शासनाने स्वतःच्या अंदाजपत्रकात पुन्हा धरावा, आणि निदान आदिवासी तालुक्यांपासून आरंभ करावा. मुले खात नाहीत, ही सबब तोवर कोणी पुढे करू नये. जे ताटात सातत्याने येतच नाही, त्याची आवड लागणार तरी कशी?