सूर्यास्तापूर्वीची जत्रा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याची जत्रा ऑगस्टच्या उत्तरार्धात भरते आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे तेथील कामगारदिनी, उठते. सारा पसारा १२ दिवसांचा. १८५९ साली आरंभ झालेल्या या जत्रेत आजही गाई, घोडे, भोपळे यांच्या स्पर्धा होतात. तथापि बहुसंख्य लोक येतात ते खाण्यासाठी, आणि तेही शक्यतो काडीला टोचलेले.

सांगलीच्या हळदपेठेत चाळीस वर्षे अडतीचे दुकान चालविलेले एक गृहस्थ सपत्नीक मुलाकडे गेले असता, एका सायंकाळी सारे कुटुंब या जत्रेस गेले. अकरा वर्षांची नात सर्वांच्या पुढे होती. आदल्या वर्षी ती शाळेतील मैत्रिणींबरोबर आली होती. पदार्थात काय आहे हे विचारण्याची लाज वाटली, म्हणून पोट दुखत असल्याचे सांगून ती उपाशीच परतली होती. ही गोष्ट घरात फक्त तिच्या आईला ठाऊक होती.

आजोबांचे लक्ष मात्र पदार्थांपेक्षा गल्ल्याकडे अधिक. १९४९ पासून या जत्रेने सरकारी अनुदान घेतलेले नाही, असे मुलाने सांगताच त्यांनी विचारले, "मग खर्च निघतो कशातून?" प्रवेशाची तिकिटे आणि खाद्यविक्रेत्यांच्या विक्रीतील टक्केवारी, हे उत्तर ऐकून ते समाधानाने म्हणाले, "म्हणजे अडतच की!" एकेक दुकान एकच जिन्नस विकते, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. बादलीभर कुकीज विकणाऱ्या दुकानापुढील रांग पाहून ते बराच वेळ थबकले. मालाचे प्रकार वाढवीत नेण्याचा सोस ज्यांना आहे, त्यांनी ही रांग अवश्य पाहावी.

चीज कर्ड्सच्या दुकानाशी नात थांबली. ताज्या चीजचे तुकडे पिठात घोळवून तळलेला हा पदार्थ म्हणजे या जत्रेचा मानबिंदू. पिठात अंडे आहे काय आणि चीज जमविण्यास वापरलेले रेनेट वासराच्या जठरातील आहे की अन्य कोणते, असे तिने खिडकीतल्या मुलास विचारले. त्याला सांगता येईना. मागे रांग खोळंबलेली. वडील पुढे होऊ लागताच आईने त्यांचा हात धरला. मुलाने आतून एका वयस्क बाईंना बोलाविले. त्यांनी पिठाची पिशवी आणून त्यावरील मजकूर वाचला. अंडे होते. रेनेटचा प्रश्न उरलाच नाही. नातीने त्यांचे आभार मानले आणि ती रांगेबाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"भाव विचारल्याखेरीज माल उचलायचा नाही," एवढेच आजोबा म्हणाले आणि चालू लागले.

डोनट आणि कुकीज अंड्यामुळे, तर बटाट्याचे काप कंद म्हणून वर्ज्य. उरले मक्याचे कणीस. सालीसकट भाजून, साल मागे ओढून, वितळलेल्या लोण्यात बुडवून हातात दिलेले. दोन प्रश्न विचारून नातीने पाच कणसे घेतली आणि आपले सर्वांआधी संपविले.

आजी मात्र दुग्धव्यवसायाच्या दालनात अडकल्या. तेथे काचेच्या थंडगार, फिरत्या खोलीत जाड कोट घातलेली एक तरुणी बसलेली असते आणि सुमारे ४१ किलोच्या लोण्याच्या ठोकळ्यातून तिचा मुखवटा कोरला जातो. १९६५ पासूनची ही प्रथा. "एवढ्या लोण्याचे पुढे काय?" ही आजींची खरी काळजी. पुष्कळदा ते मुलीच्या गावी मक्याच्या मेजवानीत वापरतात, असे सुनेने सांगितले, तेव्हाच त्या तेथून हलल्या.

त्या दिवसांत तेथे सूर्य आठच्या सुमारास मावळतो. पावणेआठ झाले होते. एकदा पैसे भरून हवे तितके दूध पिता येते, अशा दुकानापुढे कुटुंब उभे होते. "यात यांना परवडते कसे?" असे विचारीत आजोबांनी तिसरा पेला पुढे केला. नात घड्याळाकडे पाहून म्हणाली, "आजोबा, अजून बारा मिनिटे आहेत. चौथा घ्या, म्हणजे कळेल."