कुलूप आजचे, चोर उद्याचा

सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणणारा कामगार असो की विडी वळणारी भगिनी, रेशन, पेन्शन, बँक सगळीकडे आज आधार लागते. आधारची सुरुवात आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. पोटासाठी आपण बोटांचे ठसे दिले. ते सुरक्षित कसे राहतात, हे मात्र कोणी समजावून सांगत नाही. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

ठसे घेतले की ते सांकेतिक भाषेत कुलूपबंद करूनच पुढे पाठवतात. हे कुलूप गणिताचे आहे. ५३ गुणिले ६१ म्हणजे ३२३३, हे पाचवीतले मूल सांगेल. पण ३२३३ ही कोणत्या दोन संख्यांना गुणून आली, असे विचारले तर थोरांनाही घाम फुटेल. आधारच्या कुलपातील संख्या तर सहाशेहून अधिक अंकांची आहे. तिच्यापुढे आजचे महासंगणकही हात टेकतात.

मात्र १९९४ साली अमेरिकन गणितज्ञ पीटर शोर यांनी दाखवून दिले की, क्वांटम संगणक असे कोडे झटपट सोडवू शकेल. तेवढ्या ताकदीचे यंत्र अजून तयार झालेले नाही. मग आजच काळजी कशाला? कारण चोर कुलूपबंद पेटी आज पळवून ठेवील आणि यंत्र आले की उघडील. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. शाळकरी मुलाने आज दिलेला ठसा म्हातारपणीही तोच राहणार आहे.

यावर उपाय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या तीन नव्या पद्धती जाहीर केल्या. आपल्या केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी सुमारे ६,००३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. पुण्याच्या आयसर संस्थेतही या विषयावर काम चालते. ज्यांनी आपले ठसे घेतले, त्यांनी कुलपेही वेळेवर बदलली पाहिजेत. ही मागणी करणे हा आपला हक्क आहे.

आणि घरात एवढे पाळावे. आजचा भामटा कुलूप फोडत बसत नाही, तो फोन करून किल्लीच मागतो. ओटीपी कोणालाही सांगू नये. सेतू केंद्रात आधारची जादा झेरॉक्स सोडून येऊ नये. आधारच्या अॅपमध्ये ठसे लॉक करण्याची सोय आहे, ती शिकलेल्या मुलामुलींनी आईवडिलांना करून द्यावी. आणि गणितात ज्यांना गोडी आहे, त्यांनी हे नवे शास्त्र जरूर शिकावे. उद्याची कुलपे घडवणारे हात आपल्या वस्तीतूनही पुढे यावेत.