कोमाटीचा हिशेब कोणी मांडला?

दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतात कोमाटी येथे कोळशावर चालणारे एक जुने वीजकेंद्र होते. १९६१ साली त्यातून प्रथम वीज निघाली. नऊ संच आणि एकंदर एक हजार मेगावॅट क्षमता असलेल्या या केंद्राचा अखेरचा संच ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद करण्यात आला. त्यानंतर आठवडा उलटण्यापूर्वीच जागतिक बँकेने या केंद्रासाठी ४९ कोटी ७० लाख डॉलरचे अर्थसाहाय्य जाहीर केले. जुने केंद्र मोडावयाचे आणि त्या जागी १५० मेगावॅट सौर, ७० मेगावॅट पवन व १५० मेगावॅट बॅटरी-साठवण उभारावयाची, अशी ही योजना होती. ‘न्याय्य संक्रमण’ कसे करावे याचा आदर्श म्हणून कोमाटीचे नाव जगभर गाजविण्यात आले.

परंतु ज्या दिवशी चिमणीतून निघणारा धूर थांबला, त्या दिवशी सौर, पवन वा साठवण यांपैकी एकही प्रकल्प वीज देत नव्हता. एस्कॉम या सरकारी वीजमंडळाच्या कायम कामगारांना अन्य केंद्रांत बदल्या मिळाल्या. कंत्राटी कामगारांचे कंत्राट संपले, आणि त्याबरोबर त्यांचे कामही संपले. केंद्राच्या आधारावर जगणारी दुकाने, खाणावळी, भाड्याच्या खोल्या ओस पडू लागल्या. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या हवामान आयोगाने २०२३ साली कोमाटीचा आढावा घेतला, तेव्हा कामगार व स्थानिक रहिवासी यांना पुरेसे विश्वासात न घेता केंद्र बंद झाले, अशीच तक्रार पुढे आली. ज्या देशात तीस टक्क्यांहून अधिक लोक बेरोजगार आहेत, त्या देशात या तक्रारीचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगावयास नको.

हिशेबात चूक झाली असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येणार नाही. हिशेब कोणी मांडला, कोणासाठी मांडला आणि त्यात कोणत्या रकाना मुळातच नव्हता, हे तपासले पाहिजे.

सल्लागाराचा धंदा

विकसनशील देशांना स्वच्छ ऊर्जेसाठी पैसा हवा असतो. हा पैसा ज्यांच्याकडे आहे त्या बँका आणि गुंतवणूक-संस्था थेट देशाच्या गरजेकडे पाहत नाहीत. त्या कागदावरील प्रकल्पाकडे पाहतात. गरज आणि प्रकल्प यांच्यामध्ये जो उभा राहतो तो सल्लागार. तो व्यवहार्यता-अहवाल तयार करतो, पंचवीस वर्षांच्या जमाखर्चाचे कोष्टक मांडतो, जोखमींची यादी करतो आणि प्रत्येक जोखीम कोणी उचलावी हे सुचवितो. त्याची भाषा तटस्थ असते व आकडे दशांशापर्यंत अचूक असतात. म्हणूनच त्याच्या शिफारशी राजकारणापलीकडच्या आहेत, असा समज सहज पसरतो.

वस्तुतः जोखमीच्या या यादीतच सारे राजकारण सामावलेले असते. वीजमंडळाने बिल थकविले तर काय? चलनाची किंमत घसरली तर काय? कायदा बदलला तर काय? गुंतवणूकदाराचे हे प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर एकाच दिशेने जाते: सरकारने हमी द्यावी, दर महागाईशी अथवा डॉलरशी जोडावा, वीस वर्षे वीज विकत घेण्याचे बंधन स्वीकारावे. याला ‘जोखीम-निवारण’ असे गोंडस नाव आहे. पण जोखीम नाहीशी झालेली नसते. ती भांडवलाच्या खांद्यावरून उतरवून सरकारी तिजोरीवर, म्हणजेच अखेरीस करदात्या व वीजबिल भरणाऱ्या जनतेवर ठेवलेली असते. केंद्र बंद झाल्यावर कंत्राटी कामगाराची चूल पेटणार की नाही, या जोखमीला मात्र कोष्टकात रकाना नसतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गरीब देशांना भांडवल महाग पडते हे खरे आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पाहणीनुसार सौर प्रकल्पासाठी विकसनशील देशांत भांडवलाचा खर्च संपन्न देशांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक पडतो. सूर्यप्रकाश फुकट असला तरी त्यावर आकारले जाणारे व्याज फुकट नाही. सौर आणि पवन प्रकल्पांत जवळजवळ सारा खर्च आरंभीच करावा लागत असल्याने व्याजाचा दर हाच विजेचा दर ठरवितो. तेव्हा स्वस्त पैसा मिळविणे ही खरी निकड आहे. वाद आहे तो त्या पैशाच्या अटींविषयी.

साडेआठ अब्जांचा उलगडा

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपीय संघ यांनी दक्षिण आफ्रिकेला साडेआठ अब्ज डॉलर देण्याची घोषणा केली. वृत्तपत्रांनी तिचे वर्णन ‘मदत’ असे केले. वर्षभराने गुंतवणूक-आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा या मदतीची फोड समोर आली. सवलतीची कर्जे सुमारे ५.३ अब्ज, बाजारदराची कर्जे दीड अब्ज, हमी १.३ अब्ज, आणि अनुदान व तांत्रिक साहाय्य या दोहोंचे मिळून सुमारे ३३ कोटी डॉलर, म्हणजे एकूण रकमेच्या चार टक्क्यांच्या आसपास. उरलेले सारे परत करावयाचे किंवा परतफेडीची हमी म्हणून राखून ठेवलेले. त्याच आराखड्यात पाच वर्षांसाठी देशाची गरज सुमारे दीड लाख कोटी रँड, म्हणजे ९८ अब्ज डॉलरच्या घरात, दाखविली होती.

‘अनुदान व तांत्रिक साहाय्य’ हे एकच सदर का असावे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. तांत्रिक साहाय्य याचा अर्थ बहुतांशी अहवाल, अभ्यास आणि सल्ला असा असतो. म्हणजे परतफेडीवाचून जो थोडा पैसा मिळावयाचा, त्यातूनच सल्लागारांचे मानधनही निघते.

घोषणा किती टिकाऊ असतात, याचाही अनुभव लवकरच आला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने या करारातून अंग काढून घेतले आणि तिने कबूल केलेले सुमारे एक अब्ज डॉलर हिशेबातून गळाले. इंडोनेशिया व व्हिएतनाम यांच्याशी २०२२ साली झालेल्या अशाच करारांतूनही ती बाहेर पडली. कर्जदार देशाने शब्द मोडला तर त्याची पत घसरते, व्याज वाढते. सावकाराने शब्द मोडला तर त्यासाठी कोणत्याही कोष्टकात दंडाचा रकाना नसतो.

ज्यांचा सल्ला, त्यांचे उत्तरदायित्व

जागतिक बँकेचीच गोष्ट घ्यावी. एप्रिल २०१० मध्ये याच बँकेने एस्कॉमला ३.७५ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि त्यातील सुमारे तीन अब्ज मेडुपी या अवाढव्य कोळसा-केंद्रासाठी होते. बारा वर्षांनंतर त्याच बँकेने कोळसा सोडण्यासाठी कर्ज दिले. दोन्ही वेळा तज्ज्ञांचे अहवाल जोडलेले होते. दोन्ही वेळा कर्ज दक्षिण आफ्रिकेच्या जनतेच्याच नावावर चढले. एस्कॉम कर्जाखाली इतके दबले की २०२३ साली सरकारला त्यातील २५४ अब्ज रँडचा भार स्वतःकडे घ्यावा लागला. ज्या वर्षी कोमाटी बंद झाले, त्या २०२२ साली देशात दोनशेहून अधिक दिवस भारनियमन होते.

याच एस्कॉममध्ये मॅकिन्से या जगप्रसिद्ध सल्लागार कंपनीने जे केले, ते आता न्यायालयीन दप्तरात नोंदलेले आहे. आवश्यक मंजुरीवाचून केलेल्या कंत्राटापोटी २०१६ साली तिला सुमारे एक अब्ज रँड मिळाले. प्रकरण उघडकीस आल्यावर २०१८ साली कंपनीने क्षमा मागितली व रक्कम परत केली. डिसेंबर २०२४ मध्ये एस्कॉम व ट्रान्सनेट या सरकारी संस्थांतील अधिकाऱ्यांना लाच देण्याच्या प्रकरणी कंपनीच्या आफ्रिकी शाखेने अमेरिकेच्या न्यायखात्याशी तडजोड करून १२ कोटी २० लाख डॉलरहून अधिक भरण्याचे मान्य केले.

सारेच सल्लागार भ्रष्ट असतात, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्यात निष्णात अभियंते व प्रामाणिक अर्थतज्ज्ञ आहेत. परंतु लाच हा अपवाद मानला तरी नियम कोणता उरतो? सल्ला चुकला तर सल्लागार पुढील देशाकडे जातो, आणि वीजमंडळ, कामगार व ग्राहक मागे राहतात. परिणाम भोगण्याची पाळी ज्याच्यावर कधीच येत नाही त्याच्या हाती योजना सोपविली, तर ती योजना मतदारांना व कामगारांना जबाबदार राहत नाही. शिवाय प्रत्येक अहवाल बाहेरून विकत घेतल्याने सरकारी खात्यांची स्वतः विचार करण्याची शक्ती क्षीण होते, आणि पुढच्या अहवालासाठी पुन्हा बाहेरच जावे लागते.

कोळशाची भलावण नको

या टीकेचा आधार घेऊन कोळसा-मालकांची भलावण करणारेही पुढे येतील. त्यांच्यापासून सावध राहिले पाहिजे. म्पुमलांगाच्या पठारावरील विषारी हवा हा तेथील रहिवाशांच्या घटनादत्त हक्काचा भंग आहे, असा निर्णय मार्च २०२२ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने दिला. ती हवा प्रथम खाणकामगार व त्यांची मुलेच श्वासात घेतात. देशाची चार-पंचमांशाहून अधिक वीज कोळशावर निघत आली असून कोळसा-खाणींत नव्वद हजारांच्या आसपास कामगार राबतात. हे परिवर्तन अटळ आहे, आणि म्हणूनच त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम नवा रोजगार, मग जुन्या केंद्राला कुलूप, हा क्रम कोमाटीत उलटा झाला.

सौरविजेचा अनुभवही शिकण्याजोगा आहे. २०११ साली दक्षिण आफ्रिकेने खाजगी उत्पादकांकडून वीज घेण्याचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या फेरीत सौरविजेचा दर युनिटला पावणेतीन रँडच्या घरात होता; चौथ्या फेरीत तो एक रँडच्या खाली आला. तंत्र स्वस्त झाले, पण पहिल्या फेरीचे करार वीस वर्षांचे असल्याने तो चढा दर एस्कॉमच्या गळ्यात तसाच राहिला.

महाराष्ट्राला हे करार अपरिचित नाहीत. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, असे १९९३ साली जागतिक बँकेनेच कळविले होते. तरीही त्याच वर्षी वीजखरेदी करार झाला. राज्याची हमी आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी दिली गेली. दर डॉलरशी जोडला गेला. २००१ साली राज्य वीजमंडळाने ती महाग वीज घेणे थांबविले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन कंपनी दिवाळखोरीत गेली. तेथे इंधन नॅफ्था होते, येथे सूर्यप्रकाश आहे. कराराची घडण मात्र ओळखीची आहे.

भारताने ग्लासगोच्या धर्तीचा करार केलेला नाही. तरीही चंद्रपूर, कोरबा, सिंगरौली, धनबाद येथील केंद्रे व खाणी आज ना उद्या बंद होऊ लागतील आणि त्यांच्या आधी अहवाल येतील. कामगार संघटनांनी ते अहवाल अंतिम होण्यापूर्वीच मागावयास हवेत. कर्जाचा व हमीचा करार जनतेपुढे उघडा आहे का? परतफेड कोणत्या चलनात आहे? नवे प्रकल्प कोणाच्या मालकीचे आहेत? त्यात किती जणांना, कोणत्या तारखेपासून, कायम काम मिळणार? कंत्राटी कामगारांची नावे यादीत आहेत का? या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्यावाचून कोणत्याही केंद्राचा अखेरचा संच बंद होऊ देता कामा नये. कोमाटीच्या कामगारांना हे प्रश्न केंद्र बंद झाल्यानंतर विचारावे लागले.