सर्व्हर कितीला घेतला ते कळलं, पण दार कुणाला उघडं आहे?

नगरपरिषद, पतसंस्था, कॉलेज, साखर कारखाना... यांच्या सर्व्हरचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा दोनच गोष्टींची होते. कितीला घेतला आणि कुणाकडून घेतला. तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही, की या सर्व्हरशी बोलायची परवानगी कुणाकुणाला आहे? माझ्या मते हा प्रश्न इंजिनिअरचा नाही, कारभाराचा आहे. ठेवीदारांच्या किंवा करदात्यांच्या पैशातून घेतलेल्या प्रत्येक सर्व्हरबद्दल तो उघडपणे विचारला गेला पाहिजे.

आधी गोष्ट समजून घेऊ. सर्व्हरला हजारो दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. वेबसाइट लोकांना दिसायची तर ८० आणि ४४३ ही दोन दारं सगळ्यांना उघडी लागतात. पण २२ नंबरच्या दारातून सर्व्हरचा कारभारी आत शिरतो आणि ३३०६ च्या मागे मायएसक्यूएलचा डेटाबेस बसलेला असतो. ही दोन दारं अख्ख्या जगाला उघडी ठेवायचं कारण काय? आपल्या ऑफिसचा ठरावीक आयपी पत्ता आणि बाकी सगळ्यांना मज्जाव, एवढाच नियम लागतो. सोसायटीचा वॉचमनसुद्धा हेच करतो.

"बजेट नाही" हे उत्तर इथे चालत नाही. लिनक्समध्ये फायरवॉल कर्नलमध्येच येते, फुकट. एनएफटेबल्स २०१४ पासून कर्नलमध्ये आहे, उबुंटूवर यूएफडब्ल्यू आहे. पद्धतही सोपी आहे. आधी आपल्या पत्त्याला २२ वर परवानगी द्यायची, मग वेबसाइटची दारं उघडायची आणि शेवटी "बाकी सगळं बंद" म्हणायचं. क्रम उलटा केला तर कारभारी स्वतःच बाहेर अडकतो. म्हणून जाणते लोक नियम लावण्याआधी दहा मिनिटांनी ते आपोआप मागे घेणारी आज्ञा लावून ठेवतात. सगळं ठीक चाललं की ती रद्द करायची.

दुसरी बाजूही ऐकू. "साहेब दौऱ्यावर असतात, मोबाइलचा पत्ता सारखा बदलतो, एकच पत्ता कसा लिहिणार?" अडचण खरी आहे. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात, त्यामुळे तो पत्ता यादीत घालण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय व्हीपीएन आहे. आधी व्हीपीएनच्या एका दारातून ओळख पटवून या, मग आतलं दार उघडेल. साहेबांच्या सोयीसाठी जगाला दार उघडणं हा उपाय नव्हे.

नुसतं "फायरवॉल लावली" म्हणूनही भागत नाही. सर्व्हरवर डॉकर असेल तर त्याने बाहेर उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातो. कागदावर बंद, प्रत्यक्षात उघडा! आयपीव्ही४ चे नियम लिहून आयपीव्ही६ विसरलेलेही पुष्कळ असतात. म्हणून तपासणी बाहेरून करायची, ऑफिसच्या वायफायवर बसून नाही.

आता दुसरा भाग, ज्याबद्दल अजिबातच बोललं जात नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो, तसा नेटवर्कच्या पॅकेटवरही लिहिता येतो. टीसीपीमध्ये तो सहसा टिकत नाही, कारण उत्तर त्या खोट्या पत्त्यावर जातं आणि संभाषण पुढे सरकतच नाही. यूडीपीमध्ये मात्र पहिल्याच पॅकेटला उत्तर मिळतं. लबाड माणूस तुमचा पत्ता लिहून तिसऱ्याच सर्व्हरला छोटा प्रश्न विचारतो आणि त्याचं भलंमोठं उत्तर तुमच्या अंगावर येऊन पडतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर असाच हल्ला झाला, सेकंदाला १.३५ टेराबिट. त्यासाठी वापरले गेले ते दुसऱ्यांचेच मेमकॅश्ड सर्व्हर, ११२११ चा पोर्ट जगाला उघडा ठेवलेले.

यावरचा तोडगा मे २००० मध्येच लिहून ठेवलाय, बीसीपी ३८ नावाने. आपल्या नेटवर्कमधून खोट्या पत्त्याचं पॅकेट बाहेर सोडू नका, एवढंच तो सांगतो. लिनक्सवर याच कामाला आरपी_फिल्टर नावाची सेटिंग हातभार लावते. आलेल्या पत्त्याला उत्तर द्यायचं तर ते त्याच वाटेने जाईल का, हे ती बघते. १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल. दोन इंटरनेट लाइन असतील तर कडक नियम खरी पॅकेटंही टाकून देऊ शकतो, तिथे २ ठेवतात. आयपीव्ही६ साठी ही सेटिंग नाही, तिथे फायरवॉलमध्ये वेगळा नियम लिहावा लागतो. अडचण अशी, की यात फायदा दुसऱ्याचा आणि कष्ट आपले. म्हणूनच ते राहून जातं. आपला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात जाऊ न देणं, तसलंच हे काम आहे.

"आपल्यावर कोण हल्ला करणार?" असं कुणी म्हटलं तर नोव्हेंबर २०२२ मधलं दिल्लीचं एम्स आठवा. पाच सर्व्हर, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि पेशंटची नोंदणी बरेच दिवस हाताने करावी लागली. सरकारने राज्यसभेत सांगितलेलं कारण होतं नेटवर्कची नीट न केलेली विभागणी. म्हणजे कोणी कुणाशी बोलायचं, हेच ठरलेलं नव्हतं.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात. लाभांशाचं बोलून झालं की हे तीन प्रश्न विचारा. एक, वेबसाइट सोडून सर्व्हरचं कोणतं दार बाहेर उघडं आहे आणि का? दोन, ते बाहेरून शेवटचं कधी तपासलं? तीन, सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवले जातात का, आणि काही घडलं तर सहा तासांत कळवायची जबाबदारी कुणाची?

उत्तर "व्हेंडर बघतो" असं आलं, तर खाली बसू नका. व्हेंडर बदलतो, ठेवी आपल्याच असतात.