यवतमाळच्या नावातला ‘महाल’ आणि सातबाऱ्याचा भ्रम

आपल्या इतिहासप्रेमी मंडळींत एक वाटणी ठरून गेली आहे. गड, लढाया, वंशावळी, ताम्रपट हा इतिहास. आणि जमिनीचे दप्तर म्हणजे तलाठी, वकील व भाऊबंदकी यांचा मामला. आजचा धागा या वाटणीविरुद्ध आहे. तिच्या आडोशाने वाढलेल्या आणखी एका समजुतीविरुद्धही आहे: सातबारा म्हणजे मालकी, सातबारा आता मोबाइलवर मिळतो, सबब प्रश्न मिटला. यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न मिटलेला नाहीच, तो धड विचारलाही जात नाही.

सुरुवात जिल्ह्याच्या नावापासून करू. ‘यवत’ डोंगर आणि ‘माळ’ म्हणजे रांग, अशी एक व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. ब्रिटिशकालीन गॅझेटिअर मात्र वेगळे सांगते: गावाचे मूळ नाव येवता, आणि त्याला जोडलेला ‘माळ’ हा ‘महाल’ या शब्दाचा अपभ्रंश. ‘आईन-ए-अकबरी’त हा परगणा ‘योत-लोहारा’ म्हणून नोंदलेला आहे. त्यातला लोहारा आज आपल्याला एमआयडीसीमुळे ठाऊक असतो. हा महाल राजवाड्याचा नव्हे. मोगल हिशेबात महाल म्हणजे वसुलीचा घटक, ज्याच्यासमोर जमेचा आकडा लिहायचा ते खाते. गॅझेटिअरचे म्हणणे ग्राह्य धरले, तर या जिल्ह्याच्या नावातच महसुलाची वही दडलेली आहे, आणि आपण मात्र ती वही इतिहासाबाहेर ठेवतो.

अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातील कळंब व माहूर या सरकारांत आजच्या जिल्ह्याचा मोठा भाग मोडत असे. पुढे निजामशाही, मोगल, भोसले-निजाम यांची दुअमली, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात. हा प्रवास तुम्हा सर्वांना पाठ आहे. पण त्यानंतर जे घडले ते क्वचितच कोणी सांगतो. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडात रयतवारी मोजणी सुरू झाली. शेताशेताला सर्व्हे नंबर मिळाला, बांधांवर दगड रोवले गेले, मातीची प्रत आण्यांत ठरली आणि त्यावरून आकार बसला. शेजारच्या नागपूर-वर्ध्याकडे मालगुजार आणि इकडे वर्धा नदी ओलांडली की खातेदार, असे दोन निराळे जमीनविश्व तेव्हापासून घडले. आजही ‘विदर्भातील जमीनव्यवस्था’ असा सरसकट शब्दप्रयोग करणारे लेखक हा भेद पुसून टाकतात.

मोजणीदाराने शेताच्या बांधावर उभे राहून विचारलेला प्रश्न एकच होता: सारा कोण भरणार? जमीन कोणी मोडली, कोण कसतो, कोणाचा वाटा किती, हे त्या प्रश्नाच्या कडेकडेने आले तर आले. कागदावर खातेदाराचे नाव चढले आणि ते बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचे होते. जिथे सारा नव्हता तिथे मोजणीदाराला फारसे कामही नव्हते. म्हणून शिवारातील प्रत्येक तुकड्याचा आकार पैशापर्यंत नोंदला गेला, आणि त्याच गावाचे गावठाण, जिथे माणसे राहत होती, ते नकाशावर एकसंध कोरा डाग म्हणून राहिले. १८६० च्या दशकातील हा कोरा डाग भरण्यासाठी आपल्याला २०२० मध्ये ‘स्वामित्व’ योजनेचे ड्रोन उडवावे लागले. मधल्या काळात काही मोठ्या गावांची नगर भूमापनाने मोजणी झाली खरी, पण बहुसंख्य गावांत घराचा एकमेव कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८.

हा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. घर कोणाच्या ताब्यात, बांधकाम कसले, कर किती, एवढेच ती सांगते. मागणी व वसुलीसाठी नमुना ९ वेगळा. घरपट्टीची पावती दाखवून ‘घर माझे’ म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो, पण त्याच्या हातातला कागद ते सिद्ध करण्यासाठी बनलेलाच नाही. शहरात गुंता आणखी वाढतो. नगरपरिषद घराच्या वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढते, आणि कर इमारतीवर व जमिनीवर लागतो. पण जमीन नझूल असेल, तर तिची मालकी सरकारची आणि रहिवासी पट्टेदार. तीन पिढ्या इमानाने कर भरणारे कुटुंब नझूल नोंदवहीत भाडेकरूसारखेच उभे असते. दोन्ही वह्या खऱ्या आहेत. त्या निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, इतकेच.

आता या जिल्ह्याचे खास वैशिष्ट्य. जिल्ह्यातील कित्येक गावांच्या नावामागे ‘इजारा’ हा शब्द तुम्ही एसटीच्या पाटीवर वाचला असेल. ते आडनाव नाही आणि अलंकारही नाही. वस्ती उठून ओसाड पडलेली गावे आणि पडीक मुलूख एकेका इजारदाराला दीर्घ मुदतीच्या मक्त्याने द्यायचे, त्याने रयत आणून ती जमीन लागवडीखाली आणायची, असा हा व्यवहार होता. रयतवारी वऱ्हाडाच्या पोटात त्यामुळे छोटे छोटे जमीनदारी टापू तयार झाले. खालसा गावातला कुणबी स्वतः खातेदार होता. बांधाला बांध लागून असलेल्या इजारा गावातला, तीच काळी माती कसणारा माणूस कुळ होता. जहागीर आणि पालमपट गावांची कथा थोडी निराळी, पण जात तीच. या कुळांसाठी १९२१ मध्ये स्वतंत्र कुळकायदा करावा लागला, यावरून त्यांची अवस्था ओळखावी. रयतवारीत मधला जमीनदार नसतो हे पाठ्यपुस्तकातले वाक्य यवतमाळच्या पाटीवरच खोटे ठरते, आणि तरी आपण ते परीक्षेत लिहीत आलो.

हे टापू संपले १९५१ मध्ये. मध्य प्रदेश शासनाच्या ज्या कायद्याने ते संपले, त्याच्या शीर्षकात इस्टेटी व दुमाला जमिनींच्या जोडीला ‘महाल’ हा शब्द होता. अकबराच्या वहीतला शब्द अखेर प्रजासत्ताकाच्या कायद्यात येऊन थांबला. त्यानंतर १९५४-५५ च्या सुमारास अधिकार अभिलेख तयार झाला. मध्यस्थ गेल्यानंतर जमिनीवर कोण उरले, याची ती पहिली मोठी नोंद. वकिलांना आणि जातपडताळणीसाठी धावणाऱ्या विद्यार्थ्यांना तिचे मोल पक्के ठाऊक आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नाही, ही शरमेची गोष्ट.

यानंतर दप्तर एकाच जागी राहिले आणि राज्ये बदलली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. आज ज्याला आपण सनातन समजतो तो सातबारा, म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ यांची जोडी, मुंबईच्या पठडीतून इकडे आला. त्याआधीचे पुरावे खसरा, पेरेपत्रक, अधिकार अभिलेख या नावांनी शोधावे लागतात. ‘आमच्या पणजोबांचा १९३० चा सातबारा मिळत नाही’ अशी तक्रार करणाऱ्याला वऱ्हाडात तो मिळणारही नाही.

संहितेचे कलम १५७ म्हणते की अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी. सर्वोच्च न्यायालय वारंवार बजावते की फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि संपतही नाही; ती नोंद महसुलापुरती. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत सामान्य माणूस सापडतो. नोंद चुकली असेल, तर ती खोटी ठरवण्याचा भार त्याच्यावर. नोंद बरोबर असेल, तरी ती पुरेशी नाही. संगणकीकरणाने ही फट बुजली नाही. त्याने शेवटची नोंद स्वच्छ टंकलिखित करून तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी केली. ती नोंद ज्या फेरफारांच्या साखळीतून आली ती साखळी बहुतेकांच्या नजरेआड गेली. आणि ज्या साऱ्यासाठी हे सगळे उभे राहिले, तो आज इतका क्षुल्लक आहे की ८-अ वरचा आकार वाचून हसू यावे. कर विझला, वही मात्र माणसाचे भवितव्य ठरवत राहिली.

या जिल्ह्यात ते कसे ठरले, हे सांगणे टाळता येत नाही. शेतकरी आत्महत्येनंतर मिळणाऱ्या एक लाखाच्या शासकीय मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते, आणि निकषांत जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणाच्या नावे हे येते. जो कसत होता पण ज्याचे नाव कागदावर नव्हते, त्याचे मरणही कागदाला मोजता येत नाही. मागे राहिलेल्या पत्नीला १९५६ च्या वारसा कायद्याने पहिल्या वर्गाचा हक्क आहे. तरी तिचे नाव कधी चढतच नाही, कधी ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकलले जाते. शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, शासनाने १९९२ मध्ये तिला निर्णयाचे रूप दिले, तो या कागदावरचा सर्वांत धीट हल्ला होता. नवऱ्याने हयातीतच पत्नीचे नाव लावावे, एवढीच मागणी. आपल्या धाग्यांत सनावळ्यांच्या ओघात ती कधी आलेली आठवते का?

झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीकडच्या कोलाम कुटुंबांची गोष्ट याच वहीच्या बाहेरची. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून गॅझेटिअर, जनगणना, मोजणी अहवाल, नकाशे आणि वडीलधाऱ्यांचे निवेदन हे सारे चालते. म्हणजे आपण ज्यांना संदर्भग्रंथ म्हणतो, ते तिथे एखाद्या कुटुंबाच्या शेतीचा आधार असतात. हे वाचता येणारी माणसे जिल्ह्यात हवी आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली गेली, तेव्हा अचानक सर्वांना मोडी वाचक आठवले. त्याआधी मोडीचे वर्ग रिकामे होते.

शोधायचे असेल, तर एक अडचण आधीच सांगतो, कारण तिच्यापाशीच बहुतेक जण परत फिरतात. आज जिल्ह्यात १६ तालुके आहेत. पूर्वी यवतमाळ, केळापूर, वणी, दारव्हा, पुसद हे पाचच होते. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नावच वणी होते, इंग्रजी कागदांत ‘वून’. पुसद तेव्हा वाशीम जिल्ह्यात होते. म्हणून महागाव-उमरखेडकडच्या गावाचा १९०५ पूर्वीचा उल्लेख हवा असेल, तर पुसद तालुका आणि वाशीम जिल्हा या मथळ्याखाली पाहा. फेरफार क्रमांक सातबाऱ्यावर वर्तुळात असतो. तो धरून मागे मागे जा. फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात, टिपण, गुणाकार बुक आणि आकारफोड उपअधीक्षक भूमी अभिलेखांकडे. अर्जात आजचा गट क्रमांक आणि जुना सर्व्हे नंबर दोन्ही लिहा, नाहीतर ‘आढळून येत नाही’ असा शेरा मिळेल. आणि गावाच्या नावात ‘इजारा’ असेल, तर १९५१ च्या आधी ते कोणाच्या इजाऱ्यात होते, हे आधी विचारा.